नारपोलीत मिशीची पैज बंद

मंडळी, जरा थांबा. आधी मला पाण्याचा तांब्या द्या कुणीतरी.

हं. आता बोलतो. म्हणजे प्रयत्न करतो.

इंदूवहिनी, बबनशेठ, इद्रिसभाई, आणि तुम्ही सगळे. एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. मारुतीच्या देवळाचं आवार भरून माणसं रस्त्यावर उभी आहेत. खरं सांगू का, तुम्ही थोडे कमी आला असतात तर मला बरं वाटलं असतं. रागवू नका. रघूभाऊसाठी अख्खी भिवंडी लोटली तरी कमीच. पण बोलायला उभा मी आहे ना! माझा विचार करा की जरा.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी वामन टेलर. रघूभाऊचं सलून आणि माझं दुकान, मधे फक्त एक फळ्यांची भिंत. तिकडे त्याची कात्री, इकडे माझी कात्री. पोट भरायला तो बोलायचा आणि मी गप्प बसायचो. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असतात, मला ते फार सोयीचं होतं. कुणी काही विचारलं की मी तोंडाकडे बोट दाखवायचो.

आज शुक्रवार. कापडाचे लूम बंद. मी चार वेळा सांगितलं, शोकसभा गुरुवारी घ्या, नाहीतर शनिवारी घ्या. चारी बाजूंनी लूमची खटखट चालू असली की नारपोलीत शेजारी बसलेल्या माणसाचंही धड ऐकू येत नाही. माझं बोलणं त्यात छान बुडून गेलं असतं. पण नाही. शिफ्टवाल्यांना येता यावं म्हणून शुक्रवारच पाहिजे. बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही शांतता बघा. पाणी पिताना माझा घसा वाजला तोही तिकडे शेवटच्या माणसाला ऐकू गेला असेल.

कागद आणलेला नाही. बायको म्हणाली, चार ओळी लिहून न्या. मी घरी कागद धरून बघितला. माझा हात हलतो आणि कागद फडफडतो. तेव्हा कागद नाही. मधेच अडखळलो तर हसू नका. आणि मी पळून जाऊ लागलो तर इद्रिसभाई, तुम्ही दाराशी उभे आहात, मला धरा. कारण मला हे पुरं करायचंय. अर्धवट चालणार नाही.

का चालणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. मी इथे मोठा वक्ता म्हणून उभा नाही. रघूभाऊचा सर्वांत जवळचा मित्र होतो म्हणूनही नाही, तसं म्हणणारे इथे पन्नास निघतील. मी पैज हरलोय. ती फेडायला उभा आहे. आणि त्याच्या दुकानात अर्धी फेडलेली पैज फेडलेली धरत नसत, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

तुम्हाला माहीत आहे, पण पाहुणे आलेत. वज्रेश्वरीहून त्याची मुलगी, जावई, व्याही मंडळी आहेत. त्यांना कळू द्या आमचा रघूभाऊ काय माणूस होता.

आपल्याकडे कुणालाही विचारा, कशावरही विचारा. एसटी वेळेवर येणार का? ‘येणार! नाही आली तर अर्धी मिशी उतरवीन.’ रेडिओवर क्रिकेट चालू आहे. ‘हा गडी शंभर करणार, नाहीतर मिशी उतरवून देतो.’ इद्रिसभाईंच्या लूमच्या खात्यातले लोक हिंदीत तेच म्हणतात. ‘मूंछ मुंडवा दूंगा.’ आणि कुणी उतरवली का कधी? तुम्ही बघितलीत? मी नाही बघितली. आणि रघूभाऊने तर नाहीच बघितली, आणि तो तर न्हावी!

बबनशेठ, तुमची गोष्ट सांगू ना? मान हलवली, म्हणजे परवानगी आहे.

बबनशेठ पाटील. यांची मिशी तुम्ही बघताच आहात. कबड्डीचे सामने होते. शेठ खुर्चीत बसले होते, गालावर फेस, आणि गरजले, ‘आपलीच टीम जिंकनार. न्हाय जिंकली तर रघ्या, ही मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली.’ मी फळीपलीकडे मशीन थांबवून ऐकतोय. टीम हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी रघूभाऊ वस्तरा पट्ट्यावर घासत बसला. सकाळ गेली, दुपार गेली. शेठ काही येईनात. नंतर कळलं, शेठ दाढी करायला कल्याणला जाऊ लागलेत. मिशीसाठी माणूस गाव बदलतो, मंडळी! शेवटी एकदा रघूभाऊने त्यांना बाजारात गाठलं आणि म्हणाला, ‘शेठ, या दुकानात. मिशी ऱ्हाऊ दे. मी ती पैजच बंद केली.’

आणि खरंच बंद केली. त्या दिवसापासून दुकानात नियम. मिशीची पैज बंद. नाव बदलीनची बंद. कान कापून देईनची बंद. जे कुणी कधी करत नाही ते बोलायचंच नाही. पैशाची तर मुळीच नाही. तो म्हणायचा, ‘पैशाचीच लावायची तर मटक्याच्या अड्ड्यावर जा, हितं दाढी होते.’ पैज लावायची असेल तर नवीन काहीतरी काढायचं. स्वतःचं. जे करता येईल असं, पण करताना जीव वर-खाली होईल असं. आणि एकदा एकाने वापरलेली पैज दुसऱ्याने वापरायची नाही, ती शिळी झाली. हरलात की फेडायची. फेडली की सगळ्या दुकानाने मोठ्याने म्हणायचं, ‘फिटली!’ आणि त्यावर परत कुणी बोलायचं नाही.

पहिले काही दिवस कुणाला काही सुचेना. इद्रिसभाई खुर्चीत बसून म्हणाले, ‘रघूभाई, मूंछ नहीं तो फिर क्या लगाएं? गरीब आदमी के पास और है क्या?’ रघूभाऊ म्हणाला, ‘सोचो. टाइम हाय. अभी एक गाल बाकी हाय.’

इद्रिसभाई, हसताय ना? सांगतो मी.

दुसरा गाल होईपर्यंत यांनी काढली. ‘आज लाइट नहीं जाएगी. गई तो ससुर को चिठ्ठी लिखूंगा. पूरी चिठ्ठी में सिर्फ तारीफ.’ सगळं दुकान हादरलं. कारण या सासऱ्याबद्दल आम्ही काय काय ऐकलं होतं ते या देवळात सांगता येणार नाही. आणि लाइट गेली. भिवंडीत लाइटवर पैज लावणाऱ्याला काय म्हणावं! लिहिली बिचाऱ्यांनी चिठ्ठी. रघूभाऊसमोर वाचून दाखवली, पेटीत टाकली. आणि काय झालं? सासऱ्याने चिठ्ठी वाचली आणि पहिल्या गाडीने इकडे आला. त्याला वाटलं, जावई एवढं गोड लिहितोय म्हणजे शेवटच्या घटका मोजतोय. येऊन गळ्यात पडून रडला. मग राहिला महिनाभर. आता दर ईदला येतो आणि परत जाताना यांनाच वाईट वाटतं.

बबनशेठही परत आले. त्यांचं आणि चुलतभावाचं बांधावरून बोलणं बंद, आठवतं ना? शेठनी पैज लावली, ‘हारलो तर त्याच्या घरी जाऊन जेवीन. बोलावल्याशिवाय.’ हरले. गेले. ओटीवर जाऊन बसले. चुलतभावाला वाटलं भांडायला आलेत, तो आतून काठी घेऊन आला. शेठ म्हणाले, ‘मी जेवायला आलोय.’ त्याच्या बायकोने भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. पान संपल्यावर चुलतभावाने विचारलं, ‘बबन, तुला बरं हाय ना?’ शेठनी सांगितलं, पैज हरलो. चुलतभाऊ म्हणाला, ‘परत कदी हरनार?’ आज ते दोघे इथे एका सतरंजीवर बसलेत.

आणि रघूभाऊ स्वतः? त्याने एकदा लावली, ‘हारलो तर दिसभर बोलनार न्हाय.’ आणि हरला. अरे देवा! तो दिवस! गिऱ्हाईक यायचं, बसायचं, हा मुकाट्याने फेस लावायचा. गिऱ्हाइकं घाबरली. एक जण अर्धी दाढी ठेवून निघाला, त्याला वाटलं काहीतरी अशुभ झालंय. घरून इंदूवहिनींनी काढा आणला, दृष्ट काढली. मी फळीपलीकडे बसलो होतो आणि माझं शिवणच होईना. इतकी वर्षं त्याच्या बडबडीवर माझं मशीन चालत होतं. मला वाटलं, हा असाच गप्प झाला तर? रघूभाऊ मला शंकाशेठ म्हणायचा ते उगीच नाही. मला आधीच सगळं वाईट दिसतं.

थोडं पाणी.

तर दुकानात सगळे पैजा लावायचे. मी कधी लावली नाही. तो म्हणायचा, ‘वामन, एकदा तरी लाव की.’ मी म्हणायचो, भीती वाटते. ‘हारायची?’ नाही रे, फेडायची. तो फळीवर थाप मारून हसायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मिशीचं काय घेऊन बसला हा? आहेच काय त्यात, बोलायची पद्धत आहे. मीही तसंच म्हणालो होतो त्याला. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही, दोघे डबा खात होतो. मी म्हटलं, लोक गमतीने बोलतात, बोलू दे की. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, ‘वामन, मिशी मी उतरवतो. पन कुठं उतरवतो म्हाईत हाय ना? नदीवर. बाप तिकडं जळत असतो आनि पोरगा माझ्यासमोर मान खाली घालून बसतो. ओठ थरथरत असतो त्याचा. वस्तरा कसा धरायचा ते मला कळत न्हाय. कितींच्या उतरवल्या मी तशा. आनि मग ही मानसं दुकानात येऊन कबड्डीवर मिशी लावतात! माझ्या अंगावर काटा येतो रे.’

एवढंच म्हणाला. मग डबा पुसला आणि उठला. दुकानात त्याने हे कारण कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, रघ्याची गंमत आहे. गंमत होतीच. पण आत हे होतं. बबनशेठ, तुम्हाला आज कळतंय ना हे? मला वाटलंच.

काल चहाच्या टपरीवर एक जण, नाव घेत नाही, इथेच बसलाय, म्हणाला, ‘पाणी आज येणार, नाही आलं तर मिशी उतरवीन.’ अरे, तेरावं होऊन किती दिवस झाले? लगेच सुरू? मी चहा तसाच टाकून आलो. चहावाल्याला वाटलं दूध नासलंय.

असो. चिडायचं नाही असं ठरवून आलो होतो.

आता ते सांगतो ज्यासाठी उभा आहे. माझा आवाज कापेल. कापू दे.

त्याच्या पोटात दुखायचं. त्याने आम्हाला सांगितलं नाही. वज्रेश्वरीला लेकीकडे गेला की गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचा आणि परत येऊन म्हणायचा, बरं वाटतंय. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखव. तो म्हणायचा, शंकाशेठ, कापड काप. शेवटी वहिनींनी नेला ठाण्याच्या इस्पितळात. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. ज्या दिवशी सकाळी ऑपरेशन, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो भेटायला. दुकान बंद ठेवून. लग्नसराईत, लोकांच्या पँटी अडलेल्या असताना.

वहिनी थर्मासमध्ये चहा आणायला खाली गेल्या होत्या. हा खाटेवर बसलेला. पलीकडच्या खाटेवर कल्याणचे एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्याकडून हा तोपर्यंत सगळ्या नारपोलीची नावं पाठ करवून बसला होता. मला बघितल्यावर म्हणाला, ‘हे बघा, हाच तो शंकाशेठ.’ मग माझ्याकडे वळला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘वामन, मी परत येईन असं वाटत न्हाय मला.’

मंडळी, मी आयुष्यभर सगळ्यांना हे विचारत आलोय. काही होणार नाही ना? सगळं ठीक होईल ना? आणि तो मला सांगत आलाय, काही होत नाही, कापड काप. आता तो मला विचारत होता. मला काय करावं कळेना. मला धीर देता येत नाही. मला बोलताच येत नाही. माझ्या मुलीचा साखरपुडा आठवतो तुम्हाला? व्याही म्हणाले, मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो आणि डोळ्यापुढे काळोख आला. तेव्हा रघूभाऊ उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘वामनच्या तोंडात टाचण्या हायत, त्याचं मी बोलतो.’ आणि असं बोलला की विहीणबाई रडल्या. माझ्या घरचं प्रत्येक बोलणं त्यानेच केलं.

तर त्या खाटेपाशी माझ्या तोंडून निघालं, ‘येशील. चालत घरी येशील. पैज.’

तो ताठ झाला. ‘तू? तू पैज लावतोस?’ पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाला, ‘साक्षीदार ऱ्हावा हां. इतक्या वर्षांत पैल्यांदा लावतोय हा.’ मग मला म्हणाला, ‘लाव. काय लावतोस? नवी पायजे. वापरलेली चालनार न्हाय.’

मी विचार केला. आपण सगळ्यात जास्त कशाला घाबरतो? आणि बोललो. ‘तू चालत घरी आला नाहीस, तर मी सभेत उभा राहून बोलेन. सगळ्यांसमोर. एकटा. मधे न बसता, पुरं बोलेन.’

तो बघतच राहिला. आणि मग हसायला लागला. असा हसला की नर्सबाई आल्या, ओरडल्या. हसता हसता म्हणाला, ‘अरे, हे बघायला मला मरायलाच पायजे की! पन मेलो तर बघनार कसा?’ पलीकडचे गृहस्थ पोट धरून हसत होते. मला वाटलं, जमलं. मला धीर देता आला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मी म्हटलं, आता तुझी बाजू सांग. तुझं म्हणणं परत येणार नाहीस. आलास तर काय करशील?

आणि तो खिडकीकडे वळला.

तुम्हाला माहीत आहे, त्याला कधी वेळ लागत नसे. एक गाल होईपर्यंत तीन नव्या पैजा काढायचा. दुसऱ्यांना काढून द्यायचा. मी वाट बघतोय. तो खिडकीकडे बघतोय. हात मिशीवर. मग म्हणाला, ‘बरा झालो तर मिशी उतरवीन.’

मी म्हटलं, रघूभाऊ, ही चालत नाही. ही तूच बंद केलीस. म्हणाला, ‘म्हाईत हाय. आज दुसरं न्हाय सुचत, वामन. हीच ऱ्हाऊ दे.’ आणि माझं मनगट धरलं. घट्ट. वहिनी जिन्यावर दिसल्या तेव्हा सोडलं. आणि लगेच मोठ्याने म्हणाला, ‘काय गं, चहा आनायला काय आसामला गेलीस?’

इंदूवहिनी, हे मी तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय. चारचौघांत सांगतोय, चुकत असेन तर माफ करा. पण आत्ता माझ्या आधी दोघे-तिघे बोलून गेले. चांगलं बोलले. सगळे म्हणाले, रघूभाऊ हसत हसत गेला, मरणाला भ्याला नाही. मी तिथे बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. हसत कोण जातं हो? घाबरला होता तो. माझ्यासारखाच घाबरला होता. माझ्या हातावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. तुमच्यासमोर हसला, कारण तुम्ही घाबरू नये म्हणून. वहिनी, रात्री तुम्हाला वाटत असेल की याला आपली काही काळजीच नव्हती, असा कसा मस्करी करत गेला. तसं समजू नका. जीव टांगणीला लागला होता त्याचा, आणि तो तुमच्यातच होता.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला. आम्हाला वाटलं, सुटलो. मी परत येऊन दुकान उघडलं, रखडलेल्या पँटी शिवल्या, मनात म्हटलं, शंकाशेठ, जिंकलास. मग ताप चढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुतण्याने अग्नी दिला. मी लांब उभा होतो.

आणि परत येताना, मंडळी, मला पैज आठवली. त्या दु:खातसुद्धा माझं धाबं दणाणलं. खोटं कशाला बोलू? मी मनाशी म्हटलं, कुणाला ठाऊक आहे? वहिनींना नाही, इद्रिसभाईंना नाही. कल्याणच्या त्या गृहस्थांना, पण ते कशाला येतायत विचारायला. नाही बोललो तर काय होईल? कोण विचारणार आहे? विचारणारा एकच होता.

मग सभेचं ठरलं. बबनशेठनी विचारलं, कोण कोण बोलणार? मी हात वर केला. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं माझ्या अंगात काहीतरी शिरलंय. बायकोने घरी गेल्यावर कपाळाला हात लावून बघितला. त्या दिवसापासून झोप नाही, जेवण नाही. रोज फळीकडे तोंड करून बोलून बघतोय. पलीकडून उत्तर येत नाही.

तर बोललो. कसं बोललो मला माहीत नाही. तांब्या रिकामा झाला एवढं मला दिसतंय. आवाज कापला, सदरा पाठीला चिकटलाय. पण उभा राहिलो, एकटा, आणि तुम्ही ऐकलंत. माझं बोलणं कुणीतरी दुसऱ्याने करावं अशी सोय आता नाही. हे मीच केलं.

आता खरं म्हणजे मी बसायला पाहिजे. गेले कितीतरी दिवस मी याच क्षणाची वाट बघत होतो. बोलणं कधी संपतं आणि कधी मी खाली बसतो. पण मंडळी, आत्ता इथे एक अडचण झालीय. बोलता बोलता लक्षात आली. मी बसलो, की पैज फिटली. तुम्ही म्हणाल, फिटली. आणि मग त्यावर परत बोलायचं नाही. म्हणजे मी हरलो, हे पक्कं. म्हणजे रघूभाऊ ठाण्याहून चालत घरी आला नाही, हे पक्कं. त्याचा अग्नी मी डोळ्यांनी बघितला, तेराव्याला जेवलो, तरी मला ते आत्तापर्यंत पक्कं वाटत नव्हतं. मी बोलतोय तोवर ती पैज अजून चालू आहे असं वाटत होतं.

मला उभं राहायची भीती वाटत होती. आता मला बसायची भीती वाटतेय.

तुम्ही सगळे उभे राहा. मुलांना पण उभं करा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. लूम बंद आहेत ते बरंच झालं, आज पहिल्यांदा मला ते बरं वाटतंय. घड्याळ इद्रिसभाई बघतील. दोन मिनिटं झाली की ते खूण करतील, मग तुम्ही बसा. कुणी काही म्हणू नका. तो शब्द तर मुळीच म्हणू नका.

रघूभाऊ, रामराम.

उभे राहा, मंडळी. आणि तुमचं बसून झालं की मला कुणी बस म्हणू नका. वहिनी, तुम्हीसुद्धा नका म्हणू. मी बसेन माझा मी.